मंदीच्या महिन्यांतील दक्षता : गॅस वितरण व्यवसायातील सुरक्षा व देखभाल

स्वयंपाकाचा गॅस ही एके काळी मोठ्या शहरांतील मोजक्या घरांपुरती मर्यादित असलेली सोय होती. १९५० च्या दशकाच्या मध्यास बर्मा-शेल कंपनीने 'बरशेन' या नावाने मुंबईत या गॅसची विक्री सुरू केली, आणि १९६५ साली इंडियन ऑईल कंपनीच्या 'इंडेन' गॅसचे वितरण कलकत्त्यात सुरू झाले. त्यानंतर १९७० च्या दशकात परदेशी तेल कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, २००९ साली ग्रामीण वितरकांची स्वतंत्र योजना आली आणि मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेखाली दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना जोडण्या मिळू लागल्या. परिणामी आज खेडोपाडी, शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात व मंगल कार्यालयांत सर्वत्र गॅसचे सिलिंडर पोहोचले आहे. सिलिंडरबरोबरच त्याचे गोदाम, त्याची वाहने आणि ती हाताळणारा कामगारवर्गही गावोगाव आला आहे. ही साखळी सुरक्षित ठेवण्याचे काम वर्षभर चालावयाचे असते. तथापि त्यातील बराचसा भाग मागणी ओसरलेल्या महिन्यांतच नीटपणे पार पाडता येतो. हे महिने कोणते व त्यांत काय करावयाचे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तारनाक्याचे उदाहरण

हैदराबाद शहरातील तारनाका ही वस्ती या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तारेचे कुंपण असलेला नाका, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. म्हणजे ही जागा एके काळी शहराच्या कडेची होती. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात समाविष्ट होता. त्यामुळे तारनाक्यालगतचे, १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या परिचयाचे आहे. रसायनशास्त्राच्या क्षेत्रातही या ठिकाणाचे नाव आहे. १९४४ साली हैदराबाद संस्थानाने स्थापन केलेली प्रयोगशाळा पुढे केंद्रीय वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे आली आणि आज ती भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था या नावाने तारनाक्यातच कार्यरत आहे.

आज विद्यापीठ, सिकंदराबाद, लालागुडा व हबसीगुडा यांच्या मध्ये तारनाका पूर्णपणे वेढला गेला आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात येथून मेट्रो रेल्वेही धावू लागली. अशा दाट वस्तीतील घरोघरी गॅस पोहोचवावयाचा, तर तो शहराच्या पूर्वेकडील चेर्लापल्लीसारख्या ठिकाणच्या भरणा प्रकल्पांतून मालमोटारींनी वितरकांच्या गोदामांत यावा लागतो, आणि तेथून लहान वाहनांनी गल्लीबोळांत न्यावा लागतो. काल जी जागा शहराबाहेर होती ती आज शहराच्या मध्यभागी येते, ही गोष्ट गॅस वितरणाच्या व्यवसायात फार महत्त्वाची ठरते. गोदामाला परवाना देताना सभोवती मोकळी जागा राखलेली असते. पण पुढे त्या जागेलगत घरे, टपऱ्या व वाहनतळ उभे राहिले, तर कागदावरील अंतर प्रत्यक्षात उरत नाही. महाराष्ट्रातील अनेक तालुक्यांची गावे आज याच मार्गाने वाढत आहेत.

मंदीचा काळ कोणता ?

अमेरिका, कॅनडा यांसारख्या थंड देशांत प्रोपेन वायूचा मोठा वापर हिवाळ्यात घरे उबदार ठेवण्यासाठी होतो. तेथील वितरकांना उन्हाळ्यात उसंत मिळते व टाक्या, नळ आणि मालमोटारी यांची दुरुस्ती ते त्या काळात उरकून घेतात. आपल्याकडील गॅस हा मुख्यतः ब्यूटेन व प्रोपेन यांचे मिश्रण असतो आणि तो चुलीसाठी वापरला जातो. घरची चूल बाराही महिने पेटते. त्यामुळे घरगुती सिलिंडरच्या मागणीला पूर्ण विश्रांती अशी कधीच नसते. चढउतार होतो तो मुख्यतः १९ किलोच्या व्यापारी सिलिंडरच्या मागणीत, आणि तो लग्नसराईच्या मागोमाग होतो.

तेलंगणात आषाढ महिना विवाहासाठी वर्ज्य मानतात. ज्येष्ठ संपला की तारनाका-सिकंदराबाद परिसरातील मंगल कार्यालये व आचारी यांचे काम थांबते, आणि श्रावण लागताच ते पुन्हा सुरू होते. म्हणजे तेथील वितरकाला खरी उसंत जेमतेम चार आठवड्यांची मिळते. महाराष्ट्रात आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत विवाह होत नसल्याने हा काळ अधिक लांब असतो. मात्र गणेशोत्सव, दसरा व दिवाळी या सणांना घरगुती मागणी वाढते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

येथे एक अडचण उद्‌भवते. उसंत आषाढात मिळते. पण पाऊस त्यापूर्वीच, मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होतो. यास्तव देखभालीच्या कामाचे दोन भाग पाडणे श्रेयस्कर ठरते. छप्पर, जोते, गटारे व विद्युत जोडणी यांची कामे लग्नसराईची धावपळ चालू असली तरी मृगापूर्वी पूर्ण करावीत. आणि सिलिंडर, वजनकाटे, वाहने, अग्निशामक साधने व कामगारांचे प्रशिक्षण यांसाठी आषाढ राखून ठेवावा.

गॅसचे गुणधर्म आणि गोदाम

देखभालीच्या प्रत्येक नियमामागे गॅसचा एखादा गुणधर्म असतो, आणि तो समजल्यास नियम पाठ करण्याची गरज उरत नाही. सिलिंडरमध्ये गॅस दाबाखाली द्रवरूपात असतो. तो बाहेर पडताच त्याची वाफ होते व मूळ द्रवाच्या सुमारे २५० पट जागा ती व्यापते. ही वाफ हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असल्याने ती वर न जाता जमिनीलगत पसरते आणि खड्डे, गटारे व तळघरे यांत साचून राहते. हवेत तिचे प्रमाण साधारणतः २ ते ९ टक्के झाले की एखादी ठिणगीही तिला पेटवू शकते. मूळ गॅसला जाणवेल असा वास नसल्यामुळे गळती तत्काळ लक्षात यावी म्हणून त्यात मर्कॅप्टन वर्गातील उग्र दर्पाचे द्रव्य मिसळलेले असते.

यावरून गोदामाची रचना आपोआप स्पष्ट होते. वायुवीजनासाठी छताजवळ झरोके असतात तसे ते जमिनीलगतही असावेच लागतात. कारण गळलेला गॅस तेथूनच बाहेर पडू शकतो. प्रत्यक्षात पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून हेच खालचे झरोके पोत्यांनी बुजविले जातात, किंवा त्यांच्याबाहेर गवत व भंगार साचते. मंदीच्या काळात प्रथम पाहावयाची गोष्ट हीच होय. झरोक्यांवरील बारीक तारेची जाळी गंजलेली असल्यास ती बदलावी. फरशीवर ठिणगी उडणार नाही असा थर असतो. तो उखडला असल्यास पूर्ववत करावा. गोदामातील दिवे ज्वालारोधक बनावटीचे व त्यांची बटने बाहेरच्या बाजूस असावीत. गोदामाजवळून उघडे गटार जात असेल, तर गॅस त्यातून वाहत दूरवर जाऊ शकतो, ही बाब स्थानिक संस्थेच्या निदर्शनास आणावी.

पाणी तुंबण्याचा धोका बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. घरगुती सिलिंडरमध्ये ३३.३ लिटर पाणी मावेल एवढी जागा असते. रिकाम्या सिलिंडरचे वजन सुमारे १५ ते १६ किलो व त्यातील गॅस १४.२ किलो, म्हणजे भरलेले सिलिंडर सुमारे ३० किलोचे होते. पोलादाची जाडी धरता ते ३५ लिटरपेक्षा अधिक पाणी बाजूस सारते. याचा अर्थ असा की, भरलेले सिलिंडरदेखील पुराच्या पाण्यात तरंगते. रिकाम्याची तर गोष्टच नको. गोदामात पाणी शिरल्यास सिलिंडर एकमेकांवर व भिंतींवर आदळतात, त्यांच्या झडपांना इजा पोहोचते आणि प्रवाह जोरात असल्यास ती बाहेर वाहून जातात. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबाद शहरात झालेल्या अतिवृष्टीने अनेक वसाहती जलमय झाल्या होत्या. जोत्याची उंची आणि पाण्याचा निचरा यांचा विचार मृगापूर्वी करावयाचा, तो याच कारणास्तव.

सिलिंडर, झडप आणि रबरी कडी

सिलिंडरच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर व दोन आकडे रंगविलेले असतात. 'ए' म्हणजे जानेवारी ते मार्च, 'बी' म्हणजे एप्रिल ते जून, 'सी' म्हणजे जुलै ते सप्टेंबर व 'डी' म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. 'सी-२८' असे लिहिले असल्यास त्या सिलिंडरची पुढील चाचणी सप्टेंबर २०२८ अखेरपर्यंत व्हावयास हवी, असा त्याचा अर्थ होतो. मुदत टळलेले सिलिंडर ग्राहकाला देणे हा गंभीर दोष होय. धावपळीच्या दिवसांत मालमोटारीतून उतरलेले सिलिंडर त्याच दिवशी बाहेर जाते. उसंतीच्या दिवसांत मात्र संपूर्ण साठ्यावरील अक्षरे तपासता येतात आणि मुदत संपत आलेली सिलिंडरे वेगळी काढून भरणा प्रकल्पाकडे परत पाठविता येतात.

झडपेच्या आत एक छोटी रबरी कडी असते. रेग्युलेटर बसविल्यावर गॅस बाजूने निसटू नये, एवढेच तिचे काम असते. दख्खनच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. सततच्या उष्णतेने व वापराने रबर कडक होते, त्याला चिरा पडतात आणि गळती सुरू होते. याकरिता सिलिंडर देण्यापूर्वी टोपी काढून कडी जागेवर आहे किंवा नाही हे पाहणे व साबणाच्या पाण्याने झडप तपासणे बंधनकारक असावयास हवे. गळती शोधण्यासाठी काडी पेटविण्याचा प्रकार कोणत्याही परिस्थितीत होता कामा नये. गळणाऱ्या झडपेवर सुरक्षा टोपी घट्ट बसवावी व ते सिलिंडर मोकळ्या हवेत, वस्ती व विस्तव यांपासून दूर ठेवावे. झडप स्वतः खोलून दुरुस्त करण्याचा प्रयत्न मात्र वितरकाने वा त्याच्या कामगाराने कधीही करू नये. ते काम भरणा प्रकल्पातच व्हावयाचे असते.

सिलिंडरचा तळाचा कडा ओल्या फरशीवर गंजतो. म्हणून सिलिंडर उभी व ओळीने ठेवावीत, मध्ये चालण्यास वाट राखावी आणि भरलेली व रिकामी यांची सरमिसळ करू नये. रिकाम्या म्हटल्या जाणाऱ्या सिलिंडरमध्येही थोडा गॅस शिल्लक असतो. त्यामुळे तिच्या बाबतीतही तीच काळजी आवश्यक ठरते.

वजनकाटा हे साधन केवळ मापातील फसवणूक टाळण्यासाठी आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः वजनात आलेली घट ही कित्येकदा गळतीची पहिली सूचना असते. काट्याची वैधमापन यंत्रणेकडून मुदतीत पडताळणी करून घेणे हे यामुळे सुरक्षेचेही काम ठरते.

वाहने, अग्निशामक साधने आणि माणसे

तारनाक्यासारख्या भागात वितरणाचे वाहन दिवसभर थांबत थांबत पुढे जात असते, आणि ग्रामीण भागात ते खडबडीत रस्त्यांवरून धावते. दोन्ही ठिकाणी ब्रेक, टायर व फाळके यांची झीज लवकर होते. धुराच्या नळीवर ठिणगी अडविणारी जाळी बसविलेली असावी व ती काजळीने बुजलेली नसावी. विजेच्या तारांवरील आवरण शाबूत असावे. सिलिंडर वाहनातून खाली टाकल्यास कड्यांना व झडपेला धक्का बसतो. यास्तव ती हाताने उतरवावीत व खाली रबरी चटई ठेवावी.

अग्निशामक साधनांतील कोरडी भुकटी दमट हवेत गोळा होऊन घट्ट बसू शकते; तसे झाल्यास आणीबाणीच्या क्षणी साधन निरुपयोगी ठरते. दाबमापकाचा काटा व भुकटीची स्थिती तपासून तारखेसह नोंद ठेवावी. साधन चालविण्याचा सराव मात्र प्रत्येक कामगाराने प्रत्यक्ष करावयास हवा. गळती होत असताना विजेचे बटन चालू किंवा बंद करू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात, आणि गॅसचा पुरवठा बंद करता येत नसेल तर झडपेवरील ज्योत घाईने विझवू नये, कारण पुढे न जळता साचणारा गॅस अधिक घातक ठरतो. या गोष्टी ऐकून नव्हे तर सरावानेच अंगवळणी पडतात. हंगामाच्या गर्दीत सरावाला वेळ मिळत नाही, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे.

दुर्घटनांचे धडे

४ जानेवारी १९६६ रोजी फ्रान्समधील लिआँ शहराजवळच्या फेझँ येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात प्रोपेनच्या गोलाकार टाकीतून पाणी काढले जात होते. एका नळीवर असलेल्या दोन झडपा चुकीच्या क्रमाने उघडल्या गेल्या. थंडीने गोठलेली झडप पुन्हा बंद होईना. बाहेर पडलेला वायू रस्त्यावर पसरून एका मोटारीमुळे पेटला व पुढे झालेल्या स्फोटात १८ जण मृत्युमुखी पडले. भारतात १४ सप्टेंबर १९९७ रोजी विशाखापट्टणम येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात जहाजातून गॅस उतरवून घेण्याच्या वेळी गळती होऊन भडकलेल्या आगीत पन्नासहून अधिक बळी गेले. २७ ऑगस्ट २०१२ रोजी केरळमधील कण्णूरजवळ चाला येथे गॅसची टँकर मालमोटार उलटून लागलेल्या आगीत वीस जणांनी प्राण गमावले. आणि ८ डिसेंबर २०२२ रोजी राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यातील भुंगरा या गावी लग्नघरात सिलिंडरमधून गळती होऊन स्फोट झाला. त्यात तीसहून अधिक वऱ्हाडी व नातलग दगावले.

या चार घटनांची स्थळे व प्रमाण भिन्न आहेत. प्रत्येकीत मात्र गॅस प्रथम बाहेर पडला, मग पसरला आणि शेवटी पेटला. पेटण्याचा क्षण कोणाच्याच हाती नसतो. गॅस बाहेर पडू न देणे हे मात्र झडप, नळी, वाहन व प्रशिक्षित माणूस यांच्या हाती असते, आणि या चारही गोष्टींची काळजी आधीच घ्यावी लागते. भुंगरा येथील घटना गावकऱ्यांनी विशेषतः ध्यानात घ्यावी. कारण लग्नघरात एका वेळी अनेक सिलिंडर आणून ठेवण्याची प्रथा आपल्याकडेही आहे.

कायदा व जबाबदारी

सिलिंडरांसंबंधीचे नियम १८८४ च्या स्फोटक द्रव्य अधिनियमाखाली केलेले आहेत. १९८१ व २००४ च्या नियमांच्या जागी आता २०१६ चे गॅस सिलिंडर नियम अमलात आहेत. त्यांची अंमलबजावणी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना करते. तिचे मुख्यालय नागपूर येथे असून हैदराबाद येथेही तिचे कार्यालय आहे. एका जागी १०० किलोपर्यंतच्या गॅससाठी परवाना लागत नाही. म्हणजे घरगुती वापराची भरलेली सात सिलिंडर किंवा व्यापारी वापराची पाच, ही मर्यादा होय. त्याहून अधिक साठा करणाऱ्या मंगल कार्यालयाला अथवा भोजनालयाला परवाना घ्यावाच लागतो. परवाना नको याचा अर्थ दक्षता नको, असा मात्र कोणी करू नये.

वितरकाची जबाबदारी सर्वांत मोठी असली तरी ती एकट्याची नाही. ग्रामपंचायती व नगरपालिका यांनी गोदामाभोवतीच्या राखीव जागेत बांधकामास परवानगी देऊ नये, आणि अतिक्रमण झाल्यास ते वेळीच हटवावे. पुरवठा विभागाच्या अधिकाऱ्यांनी आपली तपासणी केवळ साठ्याच्या नोंदवहीपुरती न ठेवता झरोके, अग्निशामक साधने व सिलिंडरवरील चाचणीची अक्षरे यांकडेही लक्ष द्यावे. शिक्षकांनी शाळेच्या स्वयंपाकघरातील रबरी नळीवरील तारीख पाहावी. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावयाची असते. सिलिंडरवरील अक्षरांचा अर्थ विद्यार्थ्यांना शिकविला, तर ते ज्ञान त्याच दिवशी घरोघर पोहोचेल. ग्राहकांनी सिलिंडर घेताना वजन व झडप तपासून मागणे हा त्यांचा हक्क आहे. गळतीच्या वेळी १९०६ या क्रमांकावर अहोरात्र मदत मागता येते. हा क्रमांक प्रत्येक स्वयंपाकघरात ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.

वितरकाच्या दुकानातील फोन आषाढात कमी वाजतो, तेव्हा कामगारांना रजा देण्याचा व गोदाम कुलूपबंद ठेवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण श्रावणात पुन्हा मालमोटारी येऊ लागतील तेव्हा बुजलेला झरोका उघडण्यास व कडक झालेली रबरी कडी शोधण्यास कोणालाही सवड मिळणार नाही. मृगापूर्वीची व आषाढातील कामे यांची यादी करून, प्रत्येक कामापुढे ते पार पडल्याची तारीख व करणाऱ्याची स्वाक्षरी घेण्याचा प्रघात प्रत्येक वितरकाने पाडल्यास गोदामाशेजारी राहणाऱ्या कुटुंबांनाही त्यापासून मोठे संरक्षण लाभेल. या कामी वितरक, अधिकारी, शिक्षक व ग्रामस्थ या सर्वांनीच सहकार्य करणे अगत्याचे आहे.